पुनर्विवाहाचा रकाना

नांदेडला कचेरीसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्सपेक्षा लोकांचे अर्ज भरण्यातच माझा दिवस जातो. कुठल्या रकान्यात काय लिहिलं म्हणजे अर्ज परत येत नाही, हे मला तोंडपाठ. या हुशारीचा मला फार तोरा होता.

माझी धाकटी बहीण अकाली विधवा झाली. मेव्हणे किनवटकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. मूलबाळ नव्हतं. मी तिला घरी आणलं तेव्हा मनात दुसरं काही नव्हतं, खरंच नव्हतं. पुढं तिची फॅमिली पेन्शन सुरू झाली. आधी घरातला गॅस तिच्या पैशातून आला, मग आईची औषधं, मग माझ्या मुलाचा लातूरचा क्लास आणि खोली. कुणी तिच्याकडे मागितलं नाही. न मागता मिळत गेलं, म्हणून तर कुणाला लाज वाटली नाही.

दर नोव्हेंबरात बँकेत यादी येते. आपण जिवंत आहोत हे दाखवायला पेन्शनरनं नावापुढे सही करायची. विधवांना आणखी एक रकाना असतो, पुनर्विवाह केला आहे काय? लग्न केलं की पेन्शन बंद. तो रकाना मीच भरायचो. ‘नाही’ लिहायचं आणि बोट ठेवून तिला सांगायचं, इथं कर सही.

गेल्या उन्हाळ्यात तिला अर्धापूरचं स्थळ आलं. मेव्हण्यांच्या शाळेतून निवृत्त झालेल्या एका मास्तरांनी आणलं होतं. माणूस बिजवर, केळीची बाग, पोरी नांदायला गेलेल्या. येताना केळ्यांची फणी घेऊन आला. पेन्शनीचा विषय मीच काढला, तर म्हणाला, “बंद होऊ द्या की. मला काय पेन्शनीसंगं लगीन करायचंय?”

बहीण खाली बघून हसली. तो गेल्यावर तिनं त्यातलं एक केळ सोलून सावकाश खाल्लं आणि माझ्या बायकोला म्हणाली, “माणूस बरा हाय, वहिनी. मला चालंल.”

आई म्हणाली, “हातची पेन्शन घालवून बसायची, अन् उद्या त्योबी गेला तर?” आई तिच्या काळजीनं बोलली असेल. मी मात्र मुलाच्या बारावीचा विचार करत होतो. क्लासचं अजून एक वर्ष बाकी होतं.

दुसऱ्या दिवशी दुकानातून मी अर्धापूरला फोन लावला. “ती नको म्हणते,” असं सांगितलं. मग “बरं, त्यांची मर्जी,” म्हणून त्यानं फोन ठेवला. घरी येऊन बहिणीला सांगितलं, त्यांच्याकडून नकार आला. “का म्हणून?” तिनं विचारलं. मी म्हणालो, कारण काही बोलले नाहीत. इतका नीचपणा माझ्याच्यानं होईल असं मला वाटलं नव्हतं, पण झाला, आणि त्या दिवशी मी पोटभर जेवलोही.

नोव्हेंबरात नेहमीसारखे आम्ही बँकेत गेलो. रांगेत पुढे स्थळ आणणारे ते मास्तरच उभे. तिला बघून म्हणाले, “पोरी, तू नको म्हणलीस म्हणून त्यानं दिवाळीआधी दुसरीकडं उरकून घेतलं बघ. लई मनात होतं त्याच्या.”

मास्तरांची सही झाली, ते गेले. आमची पाळी आली. यादीत तिचं नाव शोधून मी सवयीनं ‘नाही’ लिहिलं. अक्षर माझं फार वळणदार आहे.

ती त्या शब्दाकडे बघत राहिली. “दादा, तिकडं अर्धापूरलाबी ह्ये ‘न्हाई’ तूच कळिवलंस, हाव ना?”

मागून कुणीतरी ओरडलं, चला, आटपा. मी मान खाली घातली. तिनं माझ्या हातातलं पेन घेतलं. इतकी वर्षं त्याच यादीत सही करणारी माझी बहीण मला म्हणाली, “कुठं करायची सही, दाखव.”

मी बोट ठेवलं.