पेटीवर ठेवलेली वीट

मधमाश्यांच्या पेट्यांची ती चोरी माझ्या मनातून अजून गेलेली नाही. मी न्यूझीलंडला शिकायला आलो आणि पुढे इथल्याच पोलीस दलात भरती झालो. त्या नोकरीतली ही गोष्ट.

टौरंगा शहराच्या ठाण्यात एक मराठी मधपाळ तक्रार घेऊन आला. सोबत पुण्याहून राहायला आलेली त्याची आई होती. मोबाईलची रेंज नसलेल्या दरीतून त्याच्या सगळ्या पेट्या कोणीतरी उचलून नेल्या होत्या. त्यांच्यावरच त्याचं घर चालत होतं.

त्या दरीतल्या कामासाठी त्याने सॅटेलाइट सेवा घेतली होती. दुकानदाराने सांगितलं होतं, "बोलायला फोन घ्या. पेट्यांवर लक्ष ठेवायला सॅटेलाइटवरून आकडे पाठवणारं छोटं यंत्र पुरे." ठिकाण कळवणारं यंत्र बॅटरी लवकर संपवतं, म्हणून त्याने फक्त वजन कळवणारं घेतलं आणि एका पेटीच्या तळाला बसवलं.

"चुकीचं निवडलं मी," तो म्हणाला.

आईने टॅबलेट माझ्यापुढे धरला. "साहेब, पेटी अजून वजन कळवतेय, आणि ते दिवसभर थोडं कमी-जास्त होतंय. म्हणजे माश्या जिवंत असणार. कुठे आहेत तेवढं शोधा."

पुढे एका शिकाऱ्याने खबर दिली की पलीकडच्या दरीत ताज्या रंगाच्या पेट्या आल्यात. वॉरंट घेऊन आम्ही मधपाळासह तिथे गेलो. एका पेटीखाली यंत्र सापडलं, पण त्यावरचं लेबल पावसाने पुसलं होतं.

जागेच्या मालकाने वाकून यंत्र पाहिलं. मग म्हणाला, "माझंच आहे. सगळेच वापरतात."

"आकडे कुठे दिसतात?"

"घरच्या कॉम्प्युटरवर."

खोटं बोलणारा माणूस थोडक्यात बोलतो, हे मला ठाऊक होतं. पण ते कोर्टात चालत नाही. मी मधपाळाला सॅटेलाइट फोनवरून टौरंगाच्या घरी टॅबलेटजवळ असलेल्या आईला फोन लावायला सांगितलं आणि बजावलं, "इथलं काही सांगू नका. फक्त आकडा बघायला सांगा." तो मोकळ्या आकाशाखाली जाऊन उभा राहिला. मी एक वीट उचलून पेटीवर ठेवली.

आम्ही थांबलो. मग स्पीकरवर आईचा आवाज आला, "अरे, वजन वाढलं. पेटीवर काय ठेवलंत?"

मालकाने टोपी काढली आणि तो गवतात बसला. "पेट्या नेणारा ट्रक माझाच होता," तो म्हणाला.

मी मात्र वर पाहत होतो. आकाशात काहीच दिसत नव्हतं. तरी एका विटेचं वजन तिथून जाऊन टौरंगातल्या स्वयंपाकघरात उतरलं होतं, आणि त्या माऊलीचा आवाज आकाशातूनच परत आला होता. माझ्या अंगावर काटा आला.

त्यानंतर चोरीची तक्रार लिहून घेताना मी 'काय गेलं?' एवढं विचारून थांबलो नाही. 'गेलेल्यातलं काय अजून बोलतंय?' हेही विचारू लागलो.