पाच गाईंचा वीर

आमचं वस्तुसंग्रहालय म्हणजे जुन्नरमधल्या एका जुन्या इमारतीतल्या दोन खोल्या. मी शाळेत इतिहास शिकवायचे. निवृत्त झाले तेव्हा विश्वस्तांनी किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात दिला. पगार नाही, पण रुबाब विचारू नका. खापरं, मणी, सातवाहनांच्या काळातली नाणी, दळायची जाती, वीरगळ, असं सगळं तिथे आहे, आणि ते आसपासच्या लोकांनीच आणून दिलेलं आहे. कुणाला विहीर खणताना सापडलं, कुणाला वावर नांगरताना.

यंदाच्या पावसाळ्यात छत गळायला लागलं. इंजिनिअर म्हणाला, दोन महिने बंद ठेवा. मी दारावर पाटी लावली आणि चौथ्या दिवशी फोन सुरू झाले. "बाई, आमचं मडकं पुण्याला न्हेलं का?" "बाई, आमचा दगड इकला म्हनं?" माझं डोकंच फिरलं. अरे, मी काय भंगारवाली आहे? पण मग वाटलं, त्यांचं तरी काय चुकलं? दाराला कुलूप दिसलं की माणूस काय समजणार! म्हणून ज्यांनी ज्यांनी वस्तू दिल्या त्यांचा मोबाईलवर ग्रुप केला आणि रोज सकाळी एका वस्तूचा फोटो टाकायला लागले. एकदा मी मोठ्या ऐटीत लिहिलं, 'दगडी उपकरण, उपयोग अनिश्चित.' लगेच मंचरहून एकीचं उत्तर आलं, "अवो बाई, वरवंटा हाय त्यो. एका अंगानं झिजलाय, बाई डावखुरी आसंल." तीस वर्षं इतिहास शिकवून मला हे दिसलं नव्हतं.

ग्रुपवर सगळे रमले. एक मावशी सोडून. घोडेगावच्या पुढे त्यांचं गाव आहे. घरात पूर्वी मेंढरं होती, आता कांदा. त्यांच्या बांधावरचा वीरगळ आमच्याकडची सगळ्यात देखणी वस्तू. गाई पळवणाऱ्यांशी लढून मेलेला वीर, खाली पाच गाई कोरलेल्या, वर चंद्रसूर्य. रस्तारुंदीत बांध जाणार होता म्हणून मावशींनी तो आम्हाला दिला, पण एका अटीवर. भाद्रपदी पोळ्याला, म्हणजे सर्वपित्री अमावस्येला, त्याला त्यांच्या चुलीवरचा निवद दाखवायचा. माझं म्हणणं होतं, तेल नको, शेंदूर नको. त्या म्हणाल्या, "नगं तर नगं, पर पान वाढायचं." मी माझ्या हातानं कागदावर तसं लिहून दिलं. दर पोळ्याला मावशी यष्टीनं यायच्या, पान वाढायच्या, घटकाभर त्याच्यासमोर बसायच्या आणि जायच्या.

यंदा पोळा आठवड्यावर आला आणि इंजिनिअर बाहेरच्या माणसाला आत सोडायला तयार होईना. मी त्याच्याशी कडाकडा भांडले. तो म्हणाला, "मॅडम, वरून काही पडलं तर जबाबदार कोण?" मी मावशींना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, "बाई, आमच्या सासूच्या सासऱ्यापासून त्याचं पान चुकलं न्हाई. तुमच्याच्यानं हुईत नसंल तर आमी टेम्पो घिऊन येतो. घरी न्हेतो त्याला."

एक वीरगळ गेला की मडकं जाणार, जातं जाणार, मग त्या दोन खोल्यांत उरणार कोण, तर मी आणि इंजिनिअर. आणि खरं सांगते, मला त्याहून जास्त लाज वाटली ती माझ्या कागदाची. मी म्हटलं, "मावशी, डबा सकाळच्या यष्टीनं पाठवा. पान मी वाढते. तुम्ही मोबाईलवर बघा, मी सगळं दाखवते."

पोळ्याच्या सकाळी मी स्टँडवर जाऊन कंडक्टरकडून डबा घेतला. अजून कोमट होता. संग्रहालयात सगळे दगड मागच्या खोलीत गोणपाटात गुंडाळून ठेवले होते. चिठ्ठ्या लावल्या होत्या, पण ओलीनं त्यांची शाई पसरलेली. मला कशाला लागते चिठ्ठी! मी बरोबर एक गोणपाट सोडलं, वीर, गाई, वर चंद्रसूर्य. केळीचं पान मांडलं, पुरणपोळी, भात, आमटी, कुरडई वाढली, पानाभोवती पाणी फिरवलं आणि व्हिडिओ कॉल लावला. मावशींच्या सुनेनं फोन धरला होता. मावशींनी डोक्यावर पदर घेतला, स्क्रीनकडे एकटक बघितलं, हात जोडले. एक शब्द बोलल्या नाहीत. मला वाटलं, भरून आलं असेल. फोन ठेवल्यावर मी स्वतःवर इतकी खूश होते की गवंड्यांना चहा सांगितला.

चहा आला तेव्हा मी शेजारच्या दगडाला टेकून उभी होते. त्याचं गोणपाट कोपऱ्यात उसवलं होतं. आत गाई दिसत होत्या. एक, दोन, तीन, चार, पाच.

कप्पाळ माझं! मावशींचा वीर पाच गाईंचा. मी पान वाढलं होतं ते तीन गाईंच्या वीराला, जो आमच्या रजिस्टरमध्ये नुसता 'ठिकाण अज्ञात' म्हणून आहे. आयुष्यभर पोरींना ओरडले, आधी नीट बघा, मग लिहा. आणि मी काय केलं!

मनात आलं, गप्प बसावं. मोबाईलवर कुणाला गाई मोजता येतात? पान उचलून पाच गाईंच्या पुढे सरकवलं की झालं. मी वाकलेसुद्धा. पण हात पुढे होईना. शेवटी मावशींनाच फोन लावला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

"मला कळलं व्हतं की," मावशी म्हणाल्या.

"मग बोलला का नाहीत?" मी उलट त्यांच्यावरच चिडले.

"आवो, पान वाढून झालं व्हतं. कुनाच्या म्होरलं भरलं पान उचलायचं आसतं का? त्यो कुनाचा हाय?"

"माहीत नाही. कुणाचाच नाही."

"मग? आज सर्वपित्री. ज्याचं कुनी न्हाई त्याचं बी आज पान आसतं. जेवू द्या त्याला."

मी म्हटलं, "आणि आपल्या वीराचं?"

"डब्याच्या खालच्या पुडात बघा. तुमच्यासाटी पोळी ठिवल्याली. ती वाढा त्याला. तुमी आज उपाशी ऱ्हावा, चुकी तुमची हाय."

मी मुकाट्यानं डब्याचा खालचा कप्पा उघडला. पोळीवर तूप घालून ठेवलं होतं. ती पाच गाईंच्या वीरापुढे ठेवली, पाणी फिरवलं आणि मग भीत भीत विचारलं, "मावशी, टेम्पो कधी पाठवताय?"

"आता कसा न्हेऊ वो त्याला?" मावशी म्हणाल्या. "त्यो दुसरा येकटा पडंल."