भूगोलबाई आणि बिननावाचे आलेख

शाळेत त्यांना कुणी नावानं ओळखतच नसे. त्या सगळ्यांच्या भूगोलबाई. फळ्यावर टुंड्रा, तैगा, सॅव्हाना असे शब्द लिहिण्यात त्यांची हयात गेली. मुलं ते घोकायची, पेपरात ओकायची आणि विसरून जायची. बाईंच्या जिवाला ते लागे, कारण त्यांना स्वतःला जगाचं वेड होतं. लहानपणी तापानं फणफणल्या तरी उशाशी नकाशांचं पुस्तक लागायचं. प्रवास मात्र वाट्याला आला तो घर ते शाळा, शाळा ते घर.

यंदा कॉलेजात शिकणाऱ्या लेकीनं त्यांना एक वेबसाइट दाखवली, आणि बाईंना घबाडच गवसलं. जगाच्या नकाशावर कुठंही क्लिक करा, तिथलं महिन्यामहिन्याचं तापमान आणि पाऊस समोर हजर! त्या रविवारी जेवणाची वेळ टळून गेली. नवरा शिंपी. त्यानं शिलाई मशीनवरूनच हाक मारली, "अगं, आहेस कुठे?"

"वाळवंटात!"

"मग येताना तांब्याभर पाणी आण."

सोमवारी बाई वर्गात आल्या त्या आलेखांचा गठ्ठा घेऊनच. पाऊस उभ्या खांबांत, तापमान वळणावळणाच्या रेषेत. ठिकाणांची नावं नवऱ्याच्या कात्रीनं साफ उडवलेली.

"ओळखा! जंगल, गवताळ प्रदेश, वाळवंट की टुंड्रा? पण कारण सांगायचं, ठोकून द्यायचं नाही."

"पाऊस नावालाच आहे. वाळवंट!" भोंगा ओरडला. आवाजामुळेच त्याला ते नाव पडलं होतं.

"अरे, रेषा बघ की!" चष्मिस उसळली. "बहुतेक महिने शून्याच्या खाली. तुझा उंट उभ्याउभ्या गोठेल. हा टुंड्रा!" मग तिनंच बाईंकडे वळून विचारलं, "पण बाई, इतक्या कमी पावसात तिथे दलदल कशी?"

बाई लगबगीनं तिच्या बाकापाशी आल्या. इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. "खालची माती गोठलेली. उन्हाळ्यात वरचा बर्फ वितळतो, ते पाणी मुरणार कुठे? आणि थंडीत वाफ तरी कितीशी होणार?"

घंटा झाली, पण जागचं कुणी हललं नाही.

पुढच्या आठवड्यात मुलांनीच डाव उलटवला. "बाई, आता तुम्ही ओळखायचं!" भोंग्यानं त्याच वेबसाइटवरून काढलेला एक आलेख त्यांच्यापुढे ठेवला.

तापमानाची रेषा पट्टीनं आखल्यासारखी सपाट. "बारा महिने सारखंच, म्हणजे विषुववृत्त. घनदाट जंगल," बाई झोकात म्हणाल्या, आणि अडखळल्या. आकडे चौदा अंशांच्या आसपास! विषुववृत्तावर अंगाची लाही व्हायला हवी. त्यांनी चष्मा पुसला, येरझाऱ्या घातल्या, आलेख उजेडात धरला. छे!

"हरले बाबांनो. सांगा."

"उंची, बाई, उंची!" अख्खा वर्ग एका सुरात ओरडला. चष्मिसनं खुलासा केला, "विषुववृत्तच आहे, पण पर्वतावर. उतारावर ढगांत बुडालेलं जंगल, आणि आणखी वर गेलं की नुसतं गवत."

"हात्तिच्या!" बाईंनी कपाळावर हात मारला. उंच जावं तसं तापमान उतरतं, हे त्यांनीच तर दरवर्षी फळ्यावर लिहिलं होतं! त्या इतक्या हसल्या की डोळ्यांना पाणी आलं. मुलं बाकं बडवू लागली.

गोंगाट ऐकून मुख्याध्यापक धावत आले. "काय चाललंय काय?"

"सर, मी नापास झाले!" लॉटरी लागावी अशा सुरात बाईंनी सांगितलं.

शेवटच्या बाकावर मुलांना जरा सरकायला सांगून सर अवघडून बसले.

"मलाही एक द्या बघू," ते म्हणाले. भोंगा तोवर सगळ्यांत अवघड आलेख हुडकायला लागलासुद्धा होता.