वरच्या पायऱ्या

वहिनीचा फोन सकाळी आला. "सुमन, हे उठत नाहीयेत गं," एवढंच म्हणाली आणि फोन तसाच चालू राहिला. मी मांजलपूरहून रिक्षा करून पोचेपर्यंत डॉक्टर येऊन गेले होते. झोपेतच गेला दादा, माझा सख्खा मोठा भाऊ. आजार नाही, तक्रार नाही, आदल्या संध्याकाळी दोनदा हांडवा मागून घेतलेला... लोक म्हणाले, भाग्यवान माणूस. असेल. पण खरं सांगते, त्याला तसा शांत पडलेला बघून मला आधी रडू आलं नाही, राग आला. मनात आलं, अरे शहाण्या, वरच्या पायऱ्या राहिल्या की रे! आता महिना उलटून गेला, भेटायला येणारी माणसं येऊन गेली, तरी तो राग काही जात नाही. म्हणून लिहायला बसले.

आमचं बडोद्याचं घर नदीच्या कोतरावर, म्हणजे घळीच्या काठावर आहे. आजोबा संस्थानच्या पागेत होते, त्यांनी जागा घेतली तेव्हा इथं नुसती झाडी होती म्हणे. मागचं दार उघडलं की जमीन एकदम खाली उतरते आणि तळाशी एक सपाट तुकडा लागतो. त्यापलीकडे तारेचं कुंपण, मग नदी, आणि नदीत मगरी. बडोद्यात त्याचं कुणाला नवल नाही. तो सपाट तुकडा वहिनीचा. लग्न होऊन आली तेव्हापासून तिनं तिथं अळू, कढीपत्ता, तोंडलीचा मांडव, मोगरा, काय काय लावलं. सकाळचा चहा झाला की ती खाली, ते थेट कुकरच्या वेळेला वर. उतार मात्र वाईट. कडुनिंबाच्या सावलीत ऊन पोचत नाही, पावसाळ्यात सगळं शेवाळ धरतं. दादा निवृत्त झाला त्याच श्रावणात वहिनी अळूची पानं घेऊन वर येताना घसरली आणि मनगट मोडून बसली. तिच्या प्लास्टरकडे बघत दादा म्हणाला, "आता मी पायऱ्या बांधतो." आम्हाला किती बरं वाटलं होतं तेव्हा! पुढे काय वाढून ठेवलंय ते कुणाला ठाऊक होतं?

दादा कोयलीच्या रिफायनरीत सुरक्षा विभागात होता. त्याची सगळी हयात लोकांना "पडाल, भाजाल, जपून" हे सांगण्यात गेली आणि त्या कामात तो खरोखर चोख होता. त्रास एवढाच, की संध्याकाळी तो तेच काम घरी घेऊन यायचा. कुणाच्या लग्नाला जा, हा हॉलच्या जिन्याखाली उभा राहून अनोळखी बायकांना सांगणार, "बेन, शालू जरा उचलून धरा." मेहुण्यानं स्टुलावर चढून साधा बल्ब बदलला तर ह्याचं भाषण तयार. अशा माणसानं घरामागच्या पायऱ्या बांधायला घेतल्या. पहिल्याच दिवशी त्यानं मागच्या दाराला लाल-पांढरी पट्टी आडवी बांधली आणि पाटी लावली, 'काम चालू आहे. प्रवेश बंद.' खाली तेच गुजरातीत. वाचणार कोण होतं? घरात दोनच माणसं, त्यातलं एक पाटी लावणारं!

आणि काम सुरू केलं ते थेट तळापासून. मी रविवारी गेले, बघितलं आणि कपाळावर हात मारला. म्हटलं, "दादा, दारापासून कर ना. घसरडं तर इथंच आहे. दोन-चार झाल्या तरी वहिनीला निदान पाय टेकायला होईल."

"सुमे, पायऱ्या खालूनच बांधतात. वरची पायरी खालचीच्या पाठीवर बसते."

"अरे, पण माणूस वरून उतरतो!"

"अर्धवट पायऱ्यांवरून माणूस उतरतच नाही," तो शांतपणे म्हणाला. "म्हणून तर पट्टी बांधलीय."

शास्त्र त्याच्याच बाजूचं होतं. पहिल्या पायऱ्या त्यानं कोट्याच्या लादीच्या केल्या. मग प्रत्येकीवर साबणाचं पाणी ओतून, ओली चप्पल घालून स्वतः उभा राहिला. पाय जरासा सरकला. लगेच छिन्नी-हातोडा घेऊन सगळ्या फोडल्या! मग काँक्रीट आलं. ओल्या काँक्रीटवर खराट्यानं रेघा मारायच्या, म्हणजे पाऊल धरून राहतं. पाणी साचू नये म्हणून प्रत्येक पायरीला पुढं किंचित उतार. त्यातही कुठं खोट दिसली की पुन्हा फोडायची. उन्हाळ्यात काँक्रीट तडकतं म्हणून काम बंद, पावसाळ्यात तर प्रश्नच नाही, म्हणजे राहिला हिवाळा. एका पावसाळ्यात नदी कुंपण ओलांडून आत आली आणि झालेल्या सगळ्या पायऱ्या गाळाखाली गेल्या. तो हिवाळा गाळ उपसण्यातच संपला. गवंड्याला बोलाव म्हटलं तर म्हणे, "कडिया येईल, दोन दिवसांत गुळगुळीत करून जाईल. मग हिचं दुसरं मनगट मोडायचं का?"

एक मात्र कबूल करते. पायरीची उंची ठरवताना त्यानं वहिनीला अंगणात विटांवर पाय ठेवायला लावलं होतं. तिचे गुडघे तेव्हाच कुरकुरत होते. "दुखतंय?" "थोडं." एक वीट काढली, खाली फळी सरकवली. "आता?" "थोडं." मग तीही पातळ केली. शेवटी ती म्हणाली, "हाश! आता नाही." तेव्हाच त्याचं समाधान झालं. त्या मापानं पायऱ्या इतक्या बुटक्या झाल्या, की मी त्याला चिडवायची, ह्या पायऱ्या आहेत की उंबरठे?

आणि एवढी वर्षं वहिनी दाराशी उभी. बाग खाली, ती वर, मध्ये पट्टी. दादा स्वतः त्या घसरड्यावरून खाली जायचा, कारण तो 'प्रशिक्षित'! तिनं वरून सांगायचं आणि त्यानं भलतंच आणायचं. अळूची कोवळी पानं तशीच, जून तेवढी खुडून हजर. मोगऱ्याच्या उमललेल्या फुलांऐवजी कळ्या. ती हसून घ्यायची. कधी म्हणून शब्दानं बोलली नाही. फक्त एकदा, भाजी निवडता निवडता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला आयतं नकोय गं. आयतंच खायचं तर मंडईतलं काय वाईट आहे? मला माझं मला तोडायचंय." मी ते जसंच्या तसं दादाच्या कानावर घातलं. तो म्हणाला, "थोडंच राहिलंय."

ते थोडं म्हणजे दारालगतचं. गेला अख्खा हिवाळा त्यानं तिथं एक घमेलंसुद्धा कालवलं नाही. रोज सकाळी टेप घेऊन उभा राहायचा, मापं घ्यायचा, टेप गुंडाळायचा, आत यायचा. मी विचारलं, आता कशाचा मुहूर्त बघतोस? तो टेप खिशात टाकून चहा मागायचा.

दिवसकार्य आटोपल्यावर दादाचा मुलगा, माझा भाचा, आपल्या गावी परत जायला निघाला. निघताना वहिनीला म्हणाला, "आई, मागच्या दाराला कुलूपच लाव. तू एकटी, पाय घसरला तर कोण बघणार?" तो काळजीनंच बोलला. वहिनीनं मान हलवली. पण तिचा चेहरा मी पाहिला आणि माझं डोकं सणकलं. दुसऱ्याच दिवशी ती पट्टी मी कात्रीनं कापली आणि कडियाला बोलावलं. त्यानं टेप लावला आणि सांगितलं, "बेन, इथं चढण उभी आहे. खालच्यासारख्या बुटक्या पायऱ्या इथं बसणार नाहीत. वळण घ्यावं लागेल, आणि वळणाला जागा कुठाय?" म्हणजे हे होतं तर! वहिनीच्या गुडघ्याचं माप ह्या जागेत बसत नव्हतं, आणि उंच पायरी करायला ह्याचा हात धजत नव्हता. मग बोलायचं ना! म्हणायचं, बाई गं, वरच्या थोड्या उंच होतील, चालेल का? ती चालवून घेणारीच होती, जन्मभर दुसरं काय केलं तिनं? पण नाही. अर्धवट काम दाखवायचं नाही आणि अडलेलं काम सांगायचं नाही. असल्या माणसाला काय म्हणावं?

आम्ही उंच पायऱ्याच बांधून घेतल्या, वर खराट्याच्या रेघा मारून, बाजूला लोखंडी कठडा बसवून. चार दिवस पाणी मारलं. मग परवा सकाळी वहिनी उतरली. मी दारात. प्रत्येक पायरीला ती थांबायची, दोन्ही पाय एका पायरीवर घ्यायची, ओठ दाबून पुढची. मला बघवेना. मग दादाच्या पायऱ्या सुरू झाल्या. तिनं पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, आणि चालायलाच लागली. घरातल्या घरात चालावी तशी. तळाशी पोचेपर्यंत एकदाही थांबली नाही.

बागेत गुडघाभर गवत माजलंय. त्यात वाकून तिनं अळू शोधलं, कोवळी पानं बघून बघून तोडली, आणि वर यायला निघाली. दादाची शेवटची पायरी आली तशी तिथंच बसली. मला वाटलं, दम लागला. मी पाण्याचा तांब्या घेऊन उतरले.

"दुखतंय का?"

"ह्यांच्या पायऱ्यांवर नाही दुखत," ती म्हणाली. "एकीवरही नाही."

मग अळू मांडीवरून बाजूला ठेवून तिनं त्या पायरीवर फाडकन हात मारला. एवढ्या वर्षांत मी तिचा आवाज असा चढलेला ऐकला नव्हता.

"एवढ्या केल्या, सुमन. आणि एकदा... एकदा हात धरून इथवर आणायचं होतं ना मला! अर्धवट तर अर्धवट!"

दादा गेल्यापासून ती रडली नव्हती. तिथं बसून रडली. दादाबद्दल मला केवढं तरी बोलायचं होतं, सगळं जिभेवर तयार होतं. पण मी तांब्या खाली ठेवला आणि तिच्या शेजारी बसले. दोघींना पुरेल एवढी ती पायरी रुंद आहे.