हात नसलेल्या खुर्च्या

नदी मंडळात खुर्ची मिळवायला देशांची उभी हयात जाते. खुर्चीमावशींना ती आईकडून वारशाने मिळाली होती. अर्थात बसायला नव्हे, पुसायला.

मंडळ सुरू झालं तेव्हा आईच्या हाताखाली तीनच खुर्च्या होत्या. गोदामावरची एक खोली, एक टेबल आणि एक भांडण: अंधारात नावेवर दिवा कुठल्या रंगाचा लावायचा? लाल दिवा एका देशात ‘थांब’ म्हणायचा, तर पलीकडच्या देशात ‘ये बिनधास्त’. नावा नावांवर आदळल्या, तेव्हा कुठे तिन्ही सरकारं एका खोलीत बसली. रंग ठरला. तिथेच मंडळ आटोपलं असतं, पण माणसं एकदा टेबलाभोवती बसली, समोर गरम चहा आला, की विषय निघतातच. मग जकात निघाली, मासे निघाले, कारखान्यांची घाण निघाली. दर विषयामागे एखाददुसरा देश वाढला. मधे युद्ध झालं आणि खोलीला कुलूप लागलं. आई तरी जाऊन खिडक्या उघडून यायची, लाकडाला वास लागू नये म्हणून. युद्ध संपलं, तेव्हा तीच माणसं वाळून परत आली. पहिल्या दिवशी कुणी कशालाही हरकत घेतली नाही, असं आई सांगायची. “दुसऱ्या दिवशी घेतली. तेव्हा जिवात जीव आला बाई!”

मावशींच्या काळात गोल सभागृह झालं, मोठं गोल टेबल आलं आणि बघता बघता तेही भरलं. आत नव्हता तो फक्त नदीच्या उगमाचा देश. त्याचा प्रतिनिधी भिंतीकडच्या बाकावर पाहुणा म्हणून बसे. ऐकायची मुभा, बोलायची नाही. सभासदच नाही म्हटल्यावर आपल्या धरणाचे दरवाजे उघडताना तो तरी कुणाला कशाला सांगेल? पाणी खालच्या गल्लीत घुसे. आणि खालच्या गल्लीत मावशींची लेक राहत होती, पाळण्यातल्या बाळासकट.

त्या वर्षी उगमाचा देश तयार झाला. दरवाजे उघडण्याआधी कळवू म्हणाला. अट एकच: टेबलाशी जागा हवी, कुणाच्या पाठीमागे बसणार नाही.

जागा तर तसूभर नव्हती. टेबल जमिनीत पक्कं रोवलेलं, पोटात तारांचं जाळं. मंडळाचे अधीक्षक म्हणाले, “वर्षभर मागच्या रांगेत बसवू. नवं सभागृह होईलच की.”

“साहेब, पाणी वर्षभर थांबेल?” मावशींनी विचारलं. साहेब कागद शोधू लागले.

मावशींचे यजमान मंडळातच सुतार. घरी मावशींनी त्यांना छेडलं, “अहो, टेबल वाढवता नाही येत?”

“ती काय पोराची चड्डी आहे, शिवण उसवून वाढवायला?”

रविवारी लेक-जावई जेवायला आले. जावई दोन्ही कोपरं पसरून राजासारखे बसले आणि लेकीला बसायला जागा उरली नाही. “जावईबापू, जरा कोपरं आवरा,” मावशी म्हणाल्या. जावयांनी आवरली, लेक बसली, आणि मावशींच्या हातातला डाव हवेतच राहिला.

“अहो! खुर्च्यांचे हात!”

“माझा घास तरी संपू दे.”

“हात स्क्रूचेच आहेत ना? काढा सगळ्यांचे. एक खुर्ची आरामात बसेल.”

“देशांच्या खुर्च्यांचे हात काढू? उद्या लढाई जुंपली तर कारण म्हणून माझं नाव छापून येईल!”

पण काढले. अधीक्षकांनी घाबरत घाबरत परवानगी दिली. फक्त अध्यक्षबाईंच्या खुर्चीला हात राहू द्या म्हणाले, मान म्हणून. तिथेच माशी शिंकली.

सभेच्या दिवशी सर्वांत जुन्या सभासद देशाचे म्हातारे प्रतिनिधी खुर्चीत बसले, सवयीने कोपर टेकायला गेले आणि कलंडता कलंडता वाचले. “हा आमच्या देशाचा अपमान आहे!” मग त्यांनी शेजारी पाहिलं, त्याच्या शेजारी पाहिलं. सगळ्यांचा सारखाच अपमान झालेला दिसल्यावर ते निवळतही होते, तेवढ्यात त्यांची नजर अध्यक्षबाईंच्या खुर्चीवर गेली.

“तिला का हात?”

झालं! चर्चा पेटली. मान म्हणजे काय, परंपरा म्हणजे काय. उगमाचा प्रतिनिधी अजून बाकापाशीच उभा होता. त्याने बॅग एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि दाराकडे पाहिलं. दारात मावशी होत्या. हा माणूस बाहेर पडला तर आपल्या लेकीचं घर पुन्हा पाण्यात, एवढंच त्यांना दिसत होतं. त्यांनी आत पाऊल टाकलं.

“बाई, आमच्या यांना बोलावू का? स्क्रूच आहेत चार.”

अध्यक्षबाईंनी एकदा सभागृहाकडे पाहिलं आणि सरळ उभ्या राहिल्या. “बोलवा.”

सुतार आले, गुडघ्यावर बसले. सारे देश एका पेचकसाकडे टक लावून बसले. शेवटचा स्क्रू हटेना, खुर्चीच गरगर फिरू लागली. तेव्हा ते म्हातारे पुटपुटत उठले आणि त्यांनी खुर्ची दोन्ही हातांनी घट्ट धरली. “हं, फिरवा आता.”

उगमाचा प्रतिनिधी टेबलाशी बसला. बसताना त्याचं कोपर शेजारच्या देशाला लागलं, आणि दोघेही एकदम ‘माफ करा’ म्हणाले. दुपारपर्यंत सह्या झाल्या.

पावसाळ्यात एका सकाळी खालच्या गल्लीतून भोंग्याची गाडी फिरली: वरचे दरवाजे उघडणार, दुपारपर्यंत घरं रिकामी करा. लेक पाळण्यासकट मावशींकडे आली, मागून कपाटाखाली वाकलेले जावई. दुपार टळली. जावई गच्चीवरून चार वेळा डोकावून आले.

“दुपारी म्हणाले होते, अजून पत्ता नाही! उगाच कपाट उचलायला लावलं!”

“थोडं थांबा, जावईबापू,” बाळाला मांडीवर घेत मावशी म्हणाल्या. “इतक्या देशांनी मिळून ठरवलंय. उशीर व्हायचाच.”

दिवेलागणीला पाणी आलं. खालच्या गल्लीतून आरामात फिरलं, उंबरे ओलांडून घराघरात शिरलं. घरात कुणीच नव्हतं.