सिरोंच्याच्या बंद रेडिओ केंद्रात माझाच आवाज

रेडिओचा इतिहास लिहायचा, असं मी तिशीच्या आतच ठरवलं होतं. रेडिओ दुरुस्त करता येत नव्हता, म्हणून इतिहास. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर कळलं, की सिरोंच्याजवळचं मध्यम लहरींवरचं एक छोटं प्रायोगिक केंद्र बंद पडलंय. आठवड्याची रजा टाकली, उसना टेपरेकॉर्डर गळ्यात अडकवला आणि पुण्याहून चंद्रपूर गाठून सकाळची एसटी धरली.

तुम्ही जाणार असाल तर खिडकीचा मोह टाळा. आष्टीपर्यंतच मी धुळीनं विटकरी झालो होतो. आलापल्लीला गरम भजी मिळाली, दोन रुपयांत पोटभर. पुढे साग आणि खड्डे.

शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "काऊन चालले सिरोंच्याले?"

"रेडिओ केंद्र बघायला."

"ते तं बंद हाय!"

"म्हणूनच."

त्यानं जागा बदलली.

केंद्र म्हणजे दोन खोल्या, आत धानाची पोती. तिथल्या निवेदिका सुमनबाई आता बालवाडीत शिकवत होत्या. पूर्वी त्या मराठीत आणि तेलुगूत धानाचे भाव, गोदावरीचं पाणी, नदीपार नेणाऱ्या डोंग्यांच्या वेळा सांगत. त्यांच्या घरी भात आणि अंबाडीची भाजी वाढून झाल्यावर त्या बोलायला बसल्या.

"शेवटच्या दिवशी काय झालं, भाऊ..."

मी लगेच विचारलं, ट्रान्समीटर किती वॅटचा होता? मग मी मुंबईत पाहिलेला ट्रान्समीटर त्यांना सविस्तर समजावला.

"तुम्हीच सांगा, भाऊ. मी ऐकून राह्यली."

मला ती दाद वाटली.

घरी येऊन टेप लावली. तासाभरात बाई जेमतेम दहा मिनिटं, बाकी सगळा मी. बायकोनं विचारलं, "केंद्र तू चालवायचास का?" लाजत लाजत सुमनबाईंना पत्र टाकलं: शेवटच्या दिवशी काय झालं? आता मला मध्ये बोलता येणार नाही.

पोस्टकार्ड आलं. 'भाऊ, पुराचे दिवस होते. केंद्र बंद होणार हे सांगाचं नाई, असा हुकूम होता. मी डोंग्यांच्या वेळा सांगितल्या अन् थांबली. दुसऱ्या दिवशी लोक दारात आले, बाई बिमार हाय का म्हणून. त्याईले काय सांगू? घाटावर गेली, वेळा विचारून आली, ओट्यावरून ओरडून सांगितल्या. पूर उतरेपर्यंत रोज सांगितल्या.'

इतिहास लिहायचा राहिलाच. जुन्या रेडिओबद्दल कुणी विचारलं, की मी हे कार्ड वाचून दाखवतो आणि गप्प बसतो. गप्प बसणं अजून नीट जमत नाही.