वाकवलेला सूर
चिंचेनं पितळ घासलं की त्या आंबट वासानं मला सौंसरजवळच्या रामाकोना गावातलं एक लग्न आठवतं. पंचावन्न सालाच्या सुमारास मुंबईच्या हॉटेलात गोव्याच्या वादकांबरोबर जॅझ वाजवलेले माझे बाबा ऐंशीनंतर सौंसरच्या एका लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवत आणि प्रत्येक वरातीआधी ते पितळी ट्रम्पेट चिंचेनं घासत. रामाकोन्याचं ते लग्न माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणीचं होतं. भर दुपारी वरात मांडवाशी आली आणि बाबांनी सिनेमाच्या गाण्यातला एक सूर जॅझसारखा हळूच खाली ओढला. नवरदेवाचे वडील ओरडले, "मास्तर, सूर चुकून राहिला ना तुमचा!" "चुकला नाही जी, वाकवला," बाबा म्हणाले. बँडमालक त्यांच्या कानाशी आला, "सरळ वाजव, नाहीतर कोट उतरव." बाबांनी लाल कोट उतरवून त्याच्या हातात दिला आणि नुसत्या बनियनवर तोच सूर आणखी लांब, आणखी वाकडा वाजवला. वऱ्हाडी हसले. मी मान खाली घातली. त्यानंतर त्यांना कुठल्याच बँडनं बोलावलं नाही. गेल्या महिन्यात बाबा गेले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाच्या पत्रिकेत त्यांच्या नावापुढे 'बँडवाले' लिहू, म्हणजे लोकांना कळेल, असं काका म्हणाले. मी 'जॅझवादक' लिहिलं. ज्याला कळणार नाही, त्यानं मला येऊन विचारावं.